भर कुठून आणायचा? हवानाच्या कठड्याच्या वाफ्यांचं प्रकरण

उंच वाफ्यात भाजी लावायचं म्हटलं की आपल्याकडे पहिली चर्चा कठड्यावर होते. विटा लावाव्यात की फरशीचे तुकडे, तयार साचे आणले तर ते किती टिकतात, रंग द्यावा का. वाफा भरायचा कशाने, म्हणजे त्यातला माती-खताचा भर कुठून आणायचा, आणि सहा महिन्यांनी तो चार बोटं खाली बसला की पुन्हा भरायचा कशाने, हे विचारायची वेळ येते तोवर पैसे संपलेले असतात. क्युबाच्या राजधानीत, हवानात, १९९० नंतर जे घडलं ते याच प्रश्नाभोवती फिरतं. तिथे हौस म्हणून कोणी वाफे बांधले नाहीत. शहराला खायला नव्हतं म्हणून बांधले. त्यातून खरोखर भाजी पिकली, हजारो लोकांना काम मिळालं, आणि या पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच उघड झाल्या. घरामागे तीन वाफे करणाऱ्यालाही यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

शहर उपाशी कसं पडलं

१९८९ पर्यंत क्युबाचा ८० टक्क्यांहून जास्त परदेशी व्यापार सोव्हिएत गटाशी होता. साखर द्यायची आणि तेल, गहू, खतं, कीटकनाशकं, ट्रॅक्टरचे सुटे भाग घ्यायचे असा तो व्यवहार. क्युबाची शेती त्या काळी चांगलीच यांत्रिक होती. मोठमोठी सरकारी शेतं, ऊस आणि ऊसच, आणि त्याला लागणारं सगळं जहाजातून येणारं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि जहाजं थांबली. काही वर्षांत तेलाची आयात निम्म्यावर आली, खतांची तर जेमतेम पाव हिस्सा उरली. अमेरिकेची व्यापारबंदी १९६२ पासून होतीच, १९९२ मध्ये ती आणखी आवळली गेली. सरकारने या दिवसांना ‘शांतताकाळातला विशेष कालखंड’ असं नाव दिलं.

ताटात याचा अर्थ काय झाला? आधी माणशी रोज २,९०० च्या आसपास उष्मांक मिळत होते, ते १९९३ पर्यंत सुमारे १,९०० वर आले. १९९१ च्या अखेरीस पश्चिमेकडच्या पिनार देल रिओ या तंबाखूच्या प्रांतात लोकांची दृष्टी अधू व्हायला लागली. समोरचं धूसर दिसायचं, रंग ओळखू यायचे नाहीत, पुढे काहींच्या तळपायांची आग व्हायची. हे लोण देशभर पसरलं आणि ५० हजारांहून जास्त लोकांना बाधा झाली. अपुरा आहार, त्यातली ‘ब’ गटातल्या जीवनसत्त्वांची कमतरता आणि त्यावर तंबाखू व दारू, असा कारणांचा गुंता होता. १९९३ मध्ये सरकारने सगळ्या जनतेला या जीवनसत्त्वांच्या गोळ्या वाटल्या, तेव्हा साथ ओसरली. ही गोष्ट वाफ्यांच्या कथेत आवर्जून घेतली, कारण भूक म्हणजे फक्त धान्याची तूट नसते हे तिथे डोळ्यांनी, अगदी शब्दशः डोळ्यांनी, दिसलं.

भाजी पिकत नव्हती असं नाही. पण ती शहरापासून दूर पिकायची आणि ट्रकला डिझेल नव्हतं. पालेभाजी दोन दिवस बांधावर पडून राहिली की संपली. बटाटा वाट बघतो, पालक बघत नाही. म्हणून पिकवायची तर ती खाणाऱ्याच्या चालण्याच्या अंतरावरच पिकवायची, एवढं उघड होतं.

जागा होत्या, माती नव्हती

हवाना हे तेव्हा वीस लाखांच्या वरचं शहर. पडझड झालेल्या इमारतींच्या मोकळ्या जागा, कचऱ्याचे ढीग, वापरात नसलेले वाहनतळ, कारखान्यांच्या कडेच्या पट्ट्या अशा रिकाम्या जागा गल्लोगल्ली होत्या. लोकांनी त्यात मिळेल ते पेरायला सुरुवात केली. अडचण पायाखाली होती. डबर, काँक्रीट, चुना, गंजकं लोखंड, वर्षानुवर्षं दाबून घट्ट झालेली जमीन. कुदळ मारली की ठिणगी उडावी अशा जागेत मुळं जाणार कुठे?

उत्तर मिळालं ते एका बंद पडलेल्या पद्धतीच्या सांगाड्यातून. क्युबात आधी मातीविना शेतीचे प्रयोग झाले होते. लांबलचक टाक्यांमध्ये खडी भरायची आणि पाण्यात विरघळवलेली आयात खतं सोडायची. ती खतं मिळेनाशी झाल्यावर टाक्या रिकाम्या पडल्या. सैन्याच्या एका केंद्रात १९८७ च्या सुमारास अशा लांबट टाक्यांमध्ये माती आणि कुजलेलं खत भरून भाजी घेऊन पाहिली होती आणि ती जमली होती. जनरल मोइसेस सियो वोंग यांनी ही कल्पना उचलून धरली. १९९१ मध्ये हवानाच्या मिरामार भागात नागरी वस्तीतला पहिला असा मळा उभा राहिला. या मळ्यांना तिथे ‘ऑर्गानोपोनिको’ म्हणतात.

पुढे सांतियागो दे लास वेगास इथल्या इनिफात या कृषी संशोधन संस्थेने त्याचे नियम बसवले. या नियमांतली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. त्यांनी मळ्यांचे दोन प्रकार केले. जिथे जमीन निकामी आहे तिथेच कठडा बांधून, बाहेरून भर आणून वाफा करायचा. जिथे मूळची माती बरी आहे, निचरा होतो आहे, तिथे कठड्याचा खर्च करायचा नाही; आहे त्याच मातीत खत मिसळून ती वर ओढायची आणि गादीवाफा करायचा. आपल्याकडे आलं, हळद, कांद्याची रोपं यांच्यासाठी शेतकरी गादीवाफाच करतो, त्याला कठडा लागत नाही. अंगणात चांगली माती असताना केवळ छान दिसतं म्हणून भिंत बांधून विकतची माती भरणं हा निव्वळ तोटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

वाफ्याचं माप आणि त्यामागचा हिशोब

हवानातला वाफा साधारण १ ते १.२ मीटर रुंद असतो. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे म्हणून ही रुंदी. वाफ्यात पाय ठेवायचाच नाही, कारण पाय पडला की भर दाबला जातो आणि मुळांना हवा मिळत नाही. लांबी जागेप्रमाणे, बहुधा १५ ते ३० मीटर. दोन वाफ्यांमध्ये अर्धा मीटर वाट. कठड्याची उंची २५ ते ३० सेंटीमीटर, आणि तो मिळेल त्याचा: सिमेंटचे ठोकळे, दगड, फुटक्या कौलांचे तुकडे, लाकूड, वापरलेले सिमेंटचे पत्रे. या शेवटच्या वस्तूची नक्कल आपण करू नये. जुन्या सिमेंट-पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, आणि तो कापताना, फुटताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते.

आत काय? तळाची जमीन थोडी सैल करायची, निचऱ्यासाठी जाड खडीचा थर द्यायचा, आणि वर माती व कुजलेलं सेंद्रिय खत निम्मं-निम्मं, किंवा खताचं प्रमाण जास्तच. क्युबात मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो, चक्रीवादळंही याच दिवसांत येतात. वाफा जमिनीच्या वर असल्यामुळे ओतल्यासारखा पाऊस झाला तरी पाणी तुंबत नाही, आणि वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, लवकर येतो. हवाना साधारण भोपाळच्या अक्षांशावर आहे, तेव्हा हे हवामान आपल्याला अगदीच परकं नाही.

आता हिशोब करून पाहू. १.२ मीटर रुंद, ३० मीटर लांब आणि ३० सेंटीमीटर खोल असा एक वाफा म्हणजे १०.८ घनमीटर भर. आपल्या बांधकामाच्या मापात जवळजवळ पावणेचार ब्रास. निम्मं खत धरलं तरी एका वाफ्याच्या सुरुवातीलाच दोन ब्रासच्या आसपास कुजलेलं खत लागलं. एका मळ्यात असे पन्नास वाफे असतील तर शंभर ब्रास. हे कुठून आलं असेल, याचा विचार वाफ्यांची हिरवीगार छायाचित्रं पाहताना सहसा कोणी करत नाही.

आणि हे एकदाच लागत नाही. उष्ण प्रदेशात सेंद्रिय पदार्थ झपाट्याने जळतो. पाणी आणि ऊन एकत्र आलं की जिवाणू त्याचा फडशा पाडतात आणि वाफा बसत जातो. म्हणून तिथला नियम असा की दर चौरस मीटरला वर्षाला किमान १० किलो सेंद्रिय खत पुन्हा घालायचं, तेही एकदम न टाकता प्रत्येक पिकाच्या काढणीनंतर थोडं थोडं. वरच्या वाफ्याचं क्षेत्रफळ ३६ चौरस मीटर, म्हणजे वर्षाला ३६० किलो. त्या बदल्यात अपेक्षा काय? चौरस मीटरमागे वर्षाला २० किलो भाजी हे त्यांचं उद्दिष्ट होतं. म्हणजे या एका वाफ्यातून ७२० किलो. माणशी रोज ३०० ग्रॅम भाजी हे कार्यक्रमाचं दुसरं उद्दिष्ट, त्या मापाने एक वाफा सहा-सात माणसांना पुरतो. १० किलो खताला २० किलो भाजी, हे प्रमाण मी स्वतःसाठी पाठ करून ठेवलं आहे. खत टाकलं नाही तर दुसरा आकडा आपोआप खाली येतो.

आलामार: एक मळा जवळून

हवानाच्या पूर्वेला आलामार नावाची वसाहत आहे. १९७० च्या दशकात कामगारांच्या पथकांनी स्वतः बांधलेल्या चार-पाच मजली एकसारख्या इमारती, आणि एक लाखाच्या आसपास वस्ती. या इमारतींच्या मधल्या पडीक जागेवर १९९७ मध्ये ‘विवेरो आलामार’ ही सहकारी संस्था सुरू झाली. सुरुवातीला पाच जण आणि ८०० चौरस मीटर जागा. पुढे ती १० हेक्टरच्या वर गेली आणि सभासद दीडशेच्या पुढे. संस्थापकांपैकी मिगेल आंखेल साल्सिनेस हे शेतीशास्त्र शिकलेले, आधी सरकारी कृषी खात्यात काम केलेले गृहस्थ. सभासदांत इतर पेशांतून आलेली माणसं बरीच होती, निवृत्तही होती, आणि बायकांची संख्याही लक्षणीय होती.

जमीन सरकारची, पण कसायला फुकट. या सहकारी संस्थांना मुभा देणारा कायदा १९९३ चा, आणि १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये शेतमालाचे खुले बाजार सुरू झाले. ठरलेला हिस्सा शाळा, पाळणाघरं, प्रसूतिगृहं यांना कमी दरात द्यायचा. उरलेला माल मळ्याच्या फाटकाशी असलेल्या टपरीवर विकायचा. विक्रीतून आलेल्या पैशातला वाटा सभासदांना. सकाळी उपटलेलं सॅलडचं पान अकरा वाजता शेजारच्या इमारतीत पोहोचतं. मधे ट्रक नाही, अडत नाही, शीतगृह नाही. ‘वस्तीत, वस्तीने, वस्तीसाठी’ ही त्या काळातली घोषणा होती आणि आलामारमध्ये ती खरी झाली. माझ्या मते वाफ्याच्या मापापेक्षा या पैशाच्या वाटणीने मळा जास्त टिकवला. भाजीला रोज हात लागतो. रविवारीही पाणी द्यावं लागतं. ज्याच्या खिशात त्या पाण्याचे पैसे येतात तोच रविवारी येतो.

लावतात काय, तर सॅलडची पानं, बीटच्या जातीची एक पालेभाजी, मुळा, कोथिंबीर, कांद्याची पात, काकडी, टोमॅटो, भेंडी आणि हातभर लांब चवळीच्या शेंगा. रोपं आधी ट्रेमध्ये तयार करतात. एक वाफा रिकामा झाला की खताचा हप्ता टाकून लगेच दुसरी रोपं लावायची, वाफा उघडा ठेवायचा नाही. उन्हाळ्यात सॅलड करपतं म्हणून त्यावर शेडनेट. वाफ्यांच्या टोकांना मका किंवा ज्वारीच्या जातीचं उंच पीक आणि झेंडू; मका-ज्वारीवर मित्रकीटक वस्ती करतात आणि तिथून वाफ्यावर उतरतात. कडुनिंब आपल्याकडचा, तो क्युबात नेऊन मुद्दाम लावला गेला आणि त्याचा अर्क फवारायला वापरला गेला. झेंडू मूळचा अमेरिका खंडातला, तो आपल्या दसऱ्याला आला. शहराच्या हद्दीत रासायनिक कीटकनाशक वापरायचं नाही असा नियमच होता, त्यामुळे देशभरात दोनशेहून जास्त छोट्या प्रयोगशाळांत उपयोगी बुरशी, जिवाणू आणि परोपजीवी कीटक वाढवून शेतकऱ्यांना पुरवले जात. यांतल्या ट्रायकोडर्मा, बिव्हेरिया या बुरशी आणि बीटी हा जिवाणू, ही नावं आपल्या कृषी सेवा केंद्रांतही आता सवयीची झाली आहेत.

भरासाठी आलामारमध्ये गांडूळखताचे वेगळे लांब वाफे आहेत. आजूबाजूच्या गोठ्यांतून शेण, मळ्यातलाच पालापाचोळा, आणि त्यावर गांडुळं. आपल्याकडे गांडूळखतात वापरतात त्याच आयसेनिया आणि युड्रिलस जाती. हा विभाग भेट देणाऱ्यांच्या फोटोत क्वचित येतो, कारण तो दिसायला काळा आणि साधा. पण मळ्याचं स्वयंपाकघर तेच.

मुळांवरच्या गाठी

कठड्याच्या वाफ्याचा एक रोग असा आहे जो बाहेरून कळत नाही. टोमॅटो किंवा भेंडीचं झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी पुन्हा उभं राहतं. पाणी कमी पडलं असं वाटून माणूस पाणी वाढवतो. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग झाड हळूच उपटून मुळं पाण्यात हलवून धुतली की दिसतं: पांढऱ्या तंतूंवर मण्यांसारख्या गाठी, काही मोहरीएवढ्या, काही एकमेकींत मिसळून वाटाण्याएवढ्या झालेल्या. नखाने दाबली की मऊ लागते. चवळीच्या मुळांवर चांगल्या जिवाणूंच्याही गाठी असतात, पण त्या मुळाला बाजूने चिकटलेल्या असतात आणि हाताने सुटतात. या गाठी म्हणजे फुगलेलं मूळच असतं, सुटत नाहीत. हे सूत्रकृमीचं, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या सूक्ष्म कृमीचं काम.

हवानाच्या मळ्यांना या सूत्रकृमीने चांगलंच सतावलं. कारण वाफ्यात त्याला हवं ते सगळं मिळतं: ऊब, सतत ओलावा, सच्छिद्र माती आणि वर्षभर एकामागून एक कोवळी मुळं. मोकळ्या शेतात उन्हाळ्यात जमीन तापते, कोरडी पडते, त्याला खंड पडतो. बारमाही भिजलेल्या वाफ्यात खंडच नाही.

तिथल्या संशोधकांनी रुजवलेला उपाय मला फार आवडतो, कारण त्यात विकत घ्यायचं काही नाही. ज्या वाफ्यात गाठी सापडल्या तिथे मुळा किंवा सॅलड दाट लावायचं. सूत्रकृमीची पिल्लं त्यांच्या मुळांत शिरतात आणि एकदा शिरली की तिथून हलत नाहीत. त्यांना अंडी घालण्याइतकं मोठं व्हायला काही आठवडे लागतात. त्याआधीच, २५ ते ३० दिवसांत, पीक मुळासकट उपटायचं. पान विकायचं, मूळ वाफ्यात राहू द्यायचं नाही. पीकही मिळालं आणि शत्रूही मुळाबरोबर बाहेर गेला. इथे वेळ चुकली, भाव नाही म्हणून सॅलड आठ-दहा दिवस जास्त ठेवलं, तर सापळ्याचं पाळणाघर होतं. पानं खुडून मुळं तशीच ठेवण्याची सवय असेल तरीही तेच. याच्या जोडीला फेरपालट, झेंडू, आणि कडक उन्हाच्या दिवसांत ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक पसरून तो तापवणं. मार्च ते मे हा काळ यासाठी विदर्भ-मराठवाड्याहून सोयीचा कुठे मिळेल असं मला वाटत नाही.

देखरेख

इनिफातचे आदोल्फो रोद्रिगेस नोदाल्स यांच्या नेतृत्वाखाली शहरी शेतीचा राष्ट्रीय गट काम करत होता. या गटाची माणसं वर्षातून चार वेळा देशातल्या प्रत्येक तालुक्यात फिरून मळे बघत आणि त्यांना श्रेणी देत. वस्तीपातळीवर बियाणं, रोपं, खत आणि सल्ला देणारी छोटी दुकानंही होती. ही व्यवस्था वरून खाली आलेली होती, कधीकधी नको तितकी. तरी दर तीन महिन्यांनी कोणीतरी जाणकार वाफ्यात हात घालून बघतो, ही गोष्ट आपल्याकडच्या अनेक परसबाग योजनांमध्ये नसते. आपल्याकडे उद्‌घाटनाचा फोटो असतो.

पोट भरलं का?

हवानाच्या वाफ्यांबद्दल परदेशात खूप कौतुकाने लिहिलं गेलं, आणि त्या भरात देश स्वयंपूर्ण झाला असंही सांगितलं गेलं. ते खरं नाही. क्युबा आपल्या अन्नाचा मोठा भाग, बहुतेक अंदाजांनी ६० टक्क्यांहून जास्त, आयात करत राहिला. तांदूळ, गहू, तेल, दूधभुकटी, कोंबडी, सगळं बाहेरून. २००० नंतर अमेरिकेतूनसुद्धा. वाफ्यात तांदूळ होत नाही. एक किलो सॅलडच्या पानात दीडशे-दोनशे उष्मांक, आणि माणसाला दिवसाला दोन हजारांच्या वर लागतात. त्यामुळे वाफ्याने भूक भागवली म्हणणं चूक, आणि भूक भागली नाही म्हणून वाफे फसले म्हणणंही तितकंच चूक. त्यांनी ज्याची तूट होती ती पानं, शेंगा, टोमॅटो दारात आणून ठेवले. कचऱ्याच्या जागा साफ झाल्या. वस्तीतल्या लोकांना घराजवळ काम मिळालं. हे पुष्कळ आहे, फक्त ते धान्याच्या कोठाराचं काम नाही.

साखर कमी झाली तशी मळीही

भराचा धागा इथे पुन्हा हातात घ्यावा लागतो. सुरुवातीच्या वर्षांत वाफ्यांसाठी लागणारं सेंद्रिय खत कुठून आलं? शेणखत होतं, पण त्याचबरोबर साखर कारखान्यांतली गाळणीची मळी, आपण ज्याला प्रेसमड म्हणतो ती. ऊस गाळला की रस स्वच्छ करताना हा काळसर लगदा उरतो, साधारण गाळलेल्या उसाच्या तीन-चार टक्के. क्युबा १९९० च्या सुमारास वर्षाला ८० लाख टन साखर काढत होता, म्हणजे ही मळी डोंगराएवढी होती. २००२ मध्ये १५६ कारखान्यांपैकी जवळजवळ निम्मे बंद करण्यात आले. २०२२ च्या हंगामात साखर ५ लाख टनांच्याही खाली गेली. जिथे गाळप नाही तिथे मळीही नाही. गायीगुरं कमी झाली, जे शेण आहे ते आणायला डिझेल नाही. २०१९ नंतर इंधनाची आणि विजेची टंचाई पुन्हा वाढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशाची अख्खी वीजव्यवस्था कोसळली. पंप बंद म्हणजे ठिबक बंद.

मला यातून स्पष्ट दिसतं ते असं की शहरातला मळा शहराबाहेरच्या एका प्रवाहावर उभा असतो. वाफ्यातून दर आठवड्याला भाजी बाहेर जाते, तिच्याबरोबर नत्र, पालाश, कॅल्शियम बाहेर जातं. ते परत आलं नाही तर कठडा शाबूत राहतो आणि आतला भर निर्जीव होतो. आलामारसारखे मळे टिकले त्यात स्वतःचं खत स्वतः बनवण्याचा मोठा हात आहे.

महाराष्ट्रात याचं काय घ्यावं

हवानाचे वाफे जमिनीवर आहेत, आणि आपल्या शहरांतले बहुतेक इच्छुक गच्चीवर. हा फरक सर्वांत महत्त्वाचा. भिजलेल्या मातीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या आसपास धरलं, तर ३० सेंटीमीटरच्या वाफ्याचा भार चौरस मीटरला ४५० किलो होतो. भारतीय मानकानुसार वावर असलेल्या गच्चीला साधारण १५० किलो प्रति चौरस मीटर इतका भार गृहीत धरतात. म्हणजे हवानाचा वाफा जसाच्या तसा गच्चीवर नेणं धोक्याचं आहे, संरचना अभियंत्याला दाखवल्याशिवाय तर नाहीच. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी शहरी शेतीचा प्रसार केला तेव्हा मातीचं प्रमाण अगदी कमी ठेवून रसवंतीवरची उसाची चिपाडं वापरली, ती याचसाठी: हलकी, फुकट, आणि पाणी धरणारी. ऊस इथेही आहे, फक्त मळीऐवजी चिपाडं.

कोकणातल्या कातळावर, मुरमाड अंगणात, बांधकामानंतर डबर उरलेल्या सोसायटीच्या कडेला हवानाची पद्धत थेट लागू पडते. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी तुंबतं, तिथे गादीवाफाही पुरतो. साखर कारखान्याजवळ राहणाऱ्याने हंगामात प्रेसमड मिळते का ते विचारावं, पण ती ताजी वापरू नये. ताजी मळी कुजताना तापते आणि रोपं जाळते. काही महिने ढीग मारून, ओला ठेवून, उलटा-पालटा करून मगच ती वाफ्यात घालावी.

घरच्यापुरता हिशोब असा. १ मीटर बाय ३ मीटरचा वाफा, ३० सेंटीमीटर खोल, याला सुरुवातीला साधारण एक तृतीयांश ब्रास भर लागतो. पुढे वर्षाला ३० किलो कुजलेलं खत. ओल्या कचऱ्याचं खत होताना वजन पाव ते एक तृतीयांश उरतं, म्हणजे ३० किलो खतासाठी शंभर-सव्वाशे किलो कचरा. चौघांच्या घरात सालं, देठ, चहाचा चोथा मिळून रोज अर्धा किलो सहज निघतो, वर्षाचे झाले १८० किलो. एवढ्यात तीन चौरस मीटरचा वाफा पोसून थोडं खत उरतंही. याच्या दुप्पट वाफा बांधायचा विचार असेल, तर विटा आणण्याआधी शेजारच्या घरी जाऊन त्यांच्या ओल्या कचऱ्याची बादली आपल्याला मिळेल का, ते विचारून यावं.